आग लागल्यास जिना उतरण्याची रीत

सोसायटीच्या सेक्रेटरींच्या शब्दाखातर त्यांच्या घरातली मांजरसुद्धा कधी जागची हलली नव्हती. तरीही इमारतीतल्या सगळ्या बिऱ्हाडांना कॉम्प्युटरवर हलवण्याचं, चालवण्याचं आणि जिन्यावरून सुखरूप खाली उतरवण्याचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं आणि यात खुद्द त्यांना सोडून कोणालाच काही वावगं वाटलं नाही.

झालं होतं असं, की अग्निशमन कार्यालयाने लिफ्टला सील ठोकलं. आग लागली तर माणसं बाहेर कशी पडतील, हे दाखवायला पूर्वी कागदावर नकाशा काढून चार बाण मारले की भागायचं. आता नवा नियम निघाला होता. ‘परस्परसंवादी आभासी दृश्य, सजीव हालचालींसह’ सादर करायचं, तोवर सील निघणार नाही. सेक्रेटरींनी हे शब्द कार्यालयाच्या खिडकीपाशी उभं राहून दोनदा वाचले आणि अर्थ लागला नाही म्हणून चष्मा पुसून पुन्हा वाचले.

“अहो, गेमसारखं असतं ते,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या. “साहेब बटण दाबणार, आग लागणार, तुमची माणसं चालत खाली येणार. साहेब स्वतःही आत शिरून फिरून बघणार.”

“पण लिफ्टचा आणि ह्याचा संबंध काय?”

बाईंनी हातातला शिक्का खाली ठेवला. संबंध विचारणारा माणूस त्या खिडकीवर बहुधा पहिल्यांदाच आला असावा. मग त्यांनी मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

इमारतीची सभा जिन्यात भरली. चौथ्या मजल्यावरच्या खजिनदारांनी, कोणी काही बोलायच्या आत, हे काम बाहेरच्या माणसाला द्यायला विरोध केला. “तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे ना?”

“तो हिशेबाचा आहे,” सेक्रेटरी म्हणाले.

“त्यातच असतं सगळं. दाबून बघायचं.”

दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, की माणसाने सतत नवं काहीतरी शिकत राहिलं पाहिजे. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतः फक्त दुपारी झोपायला शिकून घेतलं होतं, पण ते बोलून दाखवण्याची ही वेळ नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंनी लगेच अनुमोदन दिलं आणि सभा संपली. सेक्रेटरी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडून उभेच होते, तोवर जिना रिकामा झाला होता.

खरं तर ते अडून बसले असते. विमा कंपनीत नोकरी करण्यात त्यांचं आयुष्य चाललं होतं, आणि लोकांचे दावे कोणत्या कारणाने नाकारता येतात, ते शोधण्याचाच पगार त्यांना मिळत होता. एवढं साधं काम नाकारायला त्यांना कारणांचा तोटा नव्हता. पण पाचव्या मजल्यावर, त्यांच्या घरी, आई होती.

आईच्या गुडघ्यांनी जिन्याशी कायमची फारकत घेतली होती. लिफ्ट चालू होती तोवर ती रोज दुपारी खाली उतरायची आणि रस्ता ओलांडून समोरच्या शिंपीणबाईंच्या दुकानात जाऊन बसायची. त्या शिवायच्या, ही बटणं लावायची, आणि दोघी मिळून जगाची उसवलेली शिवण तपासायच्या. लिफ्ट बंद झाल्यापासून आई गॅलरीत खुर्ची टाकून बसायची. शिंपीणबाई दुकानाच्या दारात यायच्या. ही वरून हात हलवायची, त्या खालून हलवायच्या. सुरुवातीला दोघींनी ओरडून बोलून पाहिलं, पण सुनांविषयीची खासगी मतं सगळ्या रस्त्याला कळायला लागली तेव्हा सेक्रेटरींच्या बायकोनेच ते थांबवलं. आता नुसते हात हलायचे. संध्याकाळी शिंपीणबाई दुकान बंद करायच्या आणि आई म्हणायची, “चला, झाली भेट.”

आईला खुर्चीत बसवून उचलून खाली न्यावं, हे त्यांना सुचलं नव्हतं असं नाही. त्यांनी तसं एकदा बोलूनही दाखवलं होतं.

“मी काय कपाट आहे?” आई म्हणाली होती. विषय तिथेच संपला.

तेव्हा सेक्रेटरींनी कॉम्प्युटरवरच्या शिकवणीत नाव घातलं. शिकवणारा एक तरुण होता. तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी “बघा, किती सोपं आहे!” असं म्हणून हसायचा. सेक्रेटरींना आयुष्यात इतका राग कोणाचाच आला नव्हता, आणि त्यांच्या ऑफिसात चांगले चांगले साहेब होऊन गेले होते. इमारत आणि जिना कसाबसा उभा राहिला. मग माणसं आली. ती दोन्ही हात बाजूला ताणून उभी राहिली, कपडे वाळत घातल्यासारखी. हलायला तयार नाहीत. तरुण म्हणाला, आधी अंगात सांगाडा बसवायचा, हाड न् हाड शरीराला जोडायचं, मग ती हलतील. बघा, किती सोपं आहे.

“जेवायला येताय ना?” बायकोने आतून विचारलं.

“थांब जरा. गाण्याच्या बाईंचं मांडीचं हाड बसत नाहीये.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला. बायको दारात येऊन उभी राहिली, तिने पडद्यावर एक नजर टाकली आणि परत गेली. त्या दिवशी वाढताना पोळी जरा लांबूनच पडली.

सांगाडे बसले, पण चालणं येईना. पहिल्या प्रयत्नात खजिनदारांचे गुडघे मागच्या बाजूला वाकले. दुसऱ्या प्रयत्नात मुख्याध्यापक पाय हलवत होते, पण जागचे हलत नव्हते. तिसऱ्यात ते पुढे सरकले, पण पाय न हलवता, आणि थेट भिंतीतून बाहेर गेले. दुसरा मजला होता. सेक्रेटरींनी घाईघाईने कॉम्प्युटर बंद केला. एका ज्येष्ठ नागरिकाच्या बाबतीत हे बरं दिसत नव्हतं.

माणूस चालतो म्हणजे नक्की काय करतो, याचा सेक्रेटरींना आता ध्यास लागला. टाच आधी, मग तळवा, मग बोटं, उजवा पाय पुढे तेव्हा डावा हात पुढे. ऑफिसात ते मॅनेजरांच्या मागे मागे त्यांच्या टाचांकडे बघत चालू लागले. मॅनेजर थांबले की तेही थांबत. शेवटी मॅनेजरांनी वळून विचारलं, “तुमचं काही पडलंय का?” “नाही साहेब, तुमचा तळवा बघतोय,” सेक्रेटरी म्हणाले. यानंतर त्यांना आठवडाभर सुटी घ्यायचा सल्ला देण्यात आला, आणि खरं सांगायचं तर तो मनापासून दिलेला होता.

निरीक्षणाचा एक तोटा झाला. पायांकडे लक्ष जायला लागल्यावर सेक्रेटरींना स्वतःलाच चालता येईना. रस्त्याने जाताना मधेच उजव्या पायाबरोबर उजवा हात पुढे यायचा आणि ते दचकून उभे राहायचे. पण सुटीच्या शेवटी कॉम्प्युटरवर एक माणूस जिन्यावरून नीट, पाय न घसरवता, खाली उतरला. सेक्रेटरींनी आनंदाने सगळ्यांना तीच चाल देऊन टाकली. आईच्या आकृतीला मात्र ती चाल देऊन उपयोग नव्हता. तिला त्यांनी गॅलरीत खुर्चीवर बसवलं आणि हात हलवायला लावला. सगळ्या उद्योगात ही एकच हालचाल पहिल्या फटक्यात जमली. तिचा हात कसा हलतो, हे त्यांना पाठ होतं.

बिऱ्हाडांना बघायला बोलावलं, ही मात्र घोडचूक झाली. माणसाला आरशात स्वतःचं तोंड दिसतं, चालणं दिसत नाही, आणि ही निसर्गाने केलेली सोय आहे, हे सेक्रेटरींना त्या दिवशी कळलं.

“मी अशी चालते?” गाण्याच्या बाईंनी विचारलं. “ही चाल खजिनदारांची आहे.”

“माझी कशी असेल?” खजिनदार भडकले. “मी असे हात फेकत चालत नाही.” आणि ते हात फेकत खिडकीपर्यंत जाऊन आले.

मुख्याध्यापकांची तक्रार वेगळी होती. “घंटा वाजल्यावर मी धावतोय. मी धावणार नाही. आयुष्यभर पोरांना जिन्यात धावू नका म्हणून सांगत आलो.”

“पण आग लागलीय, सर.”

“आग लागली म्हणून शिस्त सोडायची?”

सेक्रेटरींनी त्यांना चालतं केलं. गाण्याच्या बाईंची कंबर दोनदा बारीक केली. दुसऱ्यांदा त्या मधोमध तुटल्या, तेव्हा थोडी परत वाढवली. खजिनदारांचे हात अंगाला चिकटवून टाकले. ते आता बर्फावरून चालल्यासारखे उतरत होते, पण त्यांचं त्यांना आवडलं. सगळं मार्गी लागतंय असं वाटत असतानाच मुख्याध्यापकांच्या घरून निरोप आला, की सर दुखावले गेले आहेत.

सेक्रेटरी धावत खाली गेले. सर आरामखुर्चीत पडून होते.

“तुमच्या त्या चित्रात,” ते म्हणाले, “गाण्याच्या बाई माझ्याशेजारून निघून जातात. मान वर करून बघतसुद्धा नाहीत. शेजारधर्म काही आहे की नाही?”

“सर, ते मी केलंय, त्यांनी नाही.”

“तुम्हाला तसं सुचलं, म्हणजे त्यांचं वागणं तसंच असणार.”

हे गाण्याच्या बाईंपर्यंत पोचलं. त्यांनी दोन दिवस खरोखरच सरांकडे बघायचं सोडलं. म्हणजे चित्र खरं व्हायला लागलं. सेक्रेटरींनी कपाळावर हात मारला आणि शिकवणीतला एक नवा धडा उघडला. दोन माणसं एकमेकांच्या जवळ आली की आपोआप काहीतरी करतील, अशी त्यात सोय होती. त्यांनी ठरवून टाकलं, की जिन्यात कोणीही कोणाच्या जवळ आलं, की दोघांनी थांबायचं, मान हलवायची, हसायचं आणि मग पुढे जायचं. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, “हं, आता माणसांची इमारत वाटते.” गाण्याच्या बाई त्यांच्याशी पुन्हा बोलायला लागल्या. सेक्रेटरींना वाटलं, सुटलो.

दृश्य सादर करणं हा स्वतंत्र छळ होता. कार्यालयाच्या संकेतस्थळाला ते फार जड झालं. पेन ड्राइव्ह घेऊन गेले, तर बाहेरचा पेन ड्राइव्ह लावायला बंदी. “मग दाखवू कसं?” “समक्ष.” “समक्षच आलोय की.” “कॉम्प्युटर घेऊन या.” सेक्रेटरींनी घरचा अख्खा कॉम्प्युटर, वायरींसकट, पाचव्या मजल्यावरून जिन्याने खाली आणला. लिफ्ट असती तर बरं झालं असतं, असं त्यांना प्रत्येक मजल्यावर वाटलं. खिडकीतल्या बाईंनी त्यांना बघून प्रथमच खुर्ची दिली.

साहेब शांत स्वभावाचे होते. त्यांनी बटण दाबलं. आग लागली, घंटा वाजली, दारं उघडली आणि इमारत जिन्यात आली. सेक्रेटरींची छाती फुगली. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर खजिनदार आणि गाण्याच्या बाई समोरासमोर आले. थांबले. मान हलवली, हसले. पण हसून झाल्यावरही ते एकमेकांच्या जवळच होते. त्यामुळे पुन्हा थांबले, पुन्हा मान हलवली, पुन्हा हसले. मागून येणारी माणसं त्यांच्याजवळ आली आणि तीही मान हलवायला लागली. खालून पहिल्या मजल्यावरचं बिऱ्हाड, काय झालं बघायला आल्यासारखं, वर वळलं. त्यांच्या मागोमाग मुख्याध्यापकही शिस्तीत, एकेक पायरी मोजत वर आले आणि सगळ्यांकडे बघून एकदमच मान हलवायला लागले. धूर वर चढत होता. जिन्यात अख्खी इमारत एकमेकांकडे बघून हसत उभी होती.

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. मग बाहेर जाऊन दोन-तीन जणांना बोलावून आणलं. मग स्वतः दृश्यात शिरले आणि बाणांची बटणं दाबत जिना चढू लागले, तर सगळी माणसं वळून त्यांच्याकडेही बघून हसली. मागे उभ्या असलेल्या खिडकीतल्या बाईंना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. सेक्रेटरी टेबलाखालची वायर उपटावी की आपण टेबलाखाली शिरावं, याचा विचार करत होते.

“बरेच जण येतात दाखवायला,” साहेब डोळे पुसत म्हणाले. “सगळ्यांची माणसं रांगेत, कवायत करत उतरतात. आगीत असं कोणी उतरतं का? तुमची माणसं खरी आहेत. फक्त ते हसणं काढा.”

बोलता बोलता ते पाचव्या मजल्यावर पोचले. गॅलरीत खुर्ची होती. खुर्चीवरची बाई रस्त्याकडे बघून हात हलवत होती. खाली घंटा वाजत होती.

“ह्या कोण?”

“माझी आई.”

“ह्या उतरत नाहीत?”

“त्यांचे गुडघे गेलेत, साहेब. लिफ्ट उघडली की...”

“आगीत लिफ्ट वापरायची नसते,” साहेब हळूच म्हणाले. “मग त्यांना कोण आणणार?”

पडद्यावर धूर गॅलरीत शिरला आणि आई हात हलवतच राहिली. दिवसभर लोकांना आडवेतिडवे प्रश्न विचारणाऱ्या सेक्रेटरींनी घाईघाईने घंटेचा आवाज बंद केला.

“ह्यांना खाली आणा,” साहेब म्हणाले. “मग मी सील काढतो.”

कॉम्प्युटर परत पाचव्या मजल्यावर गेला. हसणं काढून टाकायला वेळ लागला नाही. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला दोघांनी उचलून उतरवायचं, हे काही केल्या जमेना. कधी खुर्ची खाली जायची आणि आई वरच राहायची. कधी उचलणारे खुर्चीतून आरपार जायचे. एकदा चौथ्या मजल्यावर खुर्ची निसटली आणि आई जिन्याच्या पोकळीत अधांतरी हात हलवत राहिली. सेक्रेटरींनी पडदा पालथा घातला आणि गॅलरीत जाऊन खरी आई जागेवर आहे ना, ते बघून आले.

तो हसरा तरुण एका धड्यात म्हणाला होता, की अवघड हालचाल आधी खऱ्या माणसांकडून करून घ्यायची, तिचं फोनवर चित्रण करायचं आणि मग त्यावरून काढायची. सेक्रेटरींनी जीव मुठीत धरून आईला विचारलं.

“उचलून घेणार मला?” आई म्हणाली.

“नुसतं चित्रणासाठी. सरकारी काम आहे.”

आई विचारात पडली. “कामासाठी असेल तर गोष्ट वेगळी,” ती म्हणाली. “पण ह्या कपड्यांत नाही.” आणि तिने ठेवणीतली शाल काढायला सांगितली.

रविवारी सकाळी खुर्ची सेक्रेटरींनी मागून धरली, पुढून खजिनदारांनी. फोन बायकोकडे होता. मुख्याध्यापक पुढे चालत “धावू नका” म्हणत होते, जणू काही कोणाला ते शक्य होतं. गाण्याच्या बाई पायऱ्यांवर ताल धरत होत्या, आणि तो बरोबर नको तिथे दुप्पट होत होता. “जरा डावीकडे.” “कोणाची डावी?” “अहो, कलती करा.” “कलती नका करू, आजी पडतील!” चौथ्या मजल्यावर आई म्हणाली, “थांबा. दाराला रंग कधी दिला? आत बघू दे.” खजिनदारांना स्वतःच्याच दारात खुर्ची धरून ताटकळावं लागलं. तिसऱ्यावर ती बाईंच्या तंबोऱ्याची चौकशी करत बसली. सेक्रेटरींच्या दंडात गोळे आले होते, घाम डोळ्यांत जात होता, आणि सगळ्या इमारतीचे सल्ले त्यांच्या एकट्याच्या कानात शिरत होते. आपल्यासारखा गांजलेला माणूस जगात दुसरा नसेल, याबद्दल त्यांची खात्री पटली.

खुर्ची फाटकापाशी टेकली. समोरच्या दुकानातून शिंपीणबाई, गळ्यात टेप तशीच लोंबकळत, रस्ता ओलांडून आल्या. शिंपीणबाईंनी आईचा हात दोन्ही हातांत धरला आणि शालीची निघालेली कड बोटाने आत सारली. मग आईने बोलायला सुरुवात केली आणि त्या ऐकत खुर्चीच्या कडेला टेकल्या.

सेक्रेटरींनी बायकोच्या हातातून फोन घेतला आणि चित्रण पाहिलं. प्रत्येक पायरी, प्रत्येक हात, प्रत्येक पाय स्वच्छ आला होता. याच्यावरून कोणालाही काढता आलं असतं.

“झालं ना एकदाचं?” खजिनदार कंबर धरून म्हणाले.

सेक्रेटरींनी आईकडे पाहिलं. ती हातवारे करून बोलत होती, आणि त्यातला एकही हात निरोपाचा नव्हता.

“नाही,” ते म्हणाले. “चित्रण हललंय. उद्या परत घ्यावं लागेल.”

“हललंय?” बायको ताडकन म्हणाली. लग्न झाल्यापासून तिने आपली चूक अशी कधी कबूल केली नव्हती, आणि इथे तर चूकही नव्हती. तिने फोनकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, मग सासूकडे पाहिलं. आणि भर फाटकात, सगळ्या इमारतीदेखत म्हणाली, “हो. माझाच हात हलला.”

“तरी मी म्हणत होते,” आई शिंपीणबाईंचा हात न सोडता म्हणाली. “उद्या जरा लवकर या रे सगळे.”